जुन्या मोटारीची टाकी आणि नव्या इंधनाचा हिशेब

दिवाळीची सुटी लागली की हरिहरेश्वरच्या वाटेवर वाहनांची गर्दी सुरू होते. पुण्याची मंडळी ताम्हिणी घाट उतरून माणगाव-म्हसळ्यामार्गे येतात, मुंबईची गोवा महामार्गाने येतात, आणि दापोली-मंडणगडच्या बाजूची माणसे वेसवीहून फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडून बागमांडल्याला उतरतात. या नव्या चकचकीत गाड्यांच्या रांगेत एखादी जुनी प्रीमियर पद्मिनीही असते. घाटात किंवा फेरीबोटीनंतरच्या चढावर ती कडेला उभी राहते, मालक उतरतो, बॉनेट उघडतो आणि पाण्याने भिजवलेले फडके इंजिनाच्या एका लहानशा भागावर ठेवतो. पाहणाऱ्यांना वाटते, रेडिएटर तापला असावा. वास्तविक फडके असते इंधनपंपावर. दहा मिनिटांत पंप निवतो आणि गाडी पुन्हा चालू लागते.

हे ओले फडके भारतीय मोटारचालकांच्या दोन पिढ्यांनी वापरले. आता मात्र त्याने भागेनासे झाले आहे. गेल्या काही वर्षांत जुन्या गाडीचा पंप वारंवार निकामी होणे, रबरी नळ्या फुगून मऊ पडणे, टाकीतील गाळ सुटून कार्ब्युरेटरमध्ये अडकणे अशा तक्रारी गॅरेजांतून नित्याच्या झाल्या आहेत. ‘गाडीच म्हातारी झाली’ हे त्यावरचे सोपे उत्तर होय. ते अंशतः खरेही आहे. तथापि गाडी म्हातारी होत असतानाच तिच्या पोटात जाणारे अन्नही बदलले आहे, ही गोष्ट त्या उत्तरात सांगितली जात नाही. देशाने इंधन बदलले. तो बदल पचविण्याचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न मात्र कोणी नीटसा विचारलेला नाही. एका टाकीपासून व एका पंपापासून सुरू होणारा हा प्रश्न अखेरीस अर्थशास्त्राचा आहे.

यंत्र साधे, पण मर्यादा पक्की

जुन्या गाडीची इंधनव्यवस्था समजावयास अवघड नाही. मागे पत्र्याची टाकी, तेथून पुढे जाणारी बारीक नळी, इंजिनाला चिकटून बसविलेला पंप आणि शेवटी कार्ब्युरेटर, एवढाच तिचा पसारा. १०८९ घन सेंटिमीटर इंजिनाच्या पद्मिनीत हा पंप यांत्रिक असतो. इंजिन फिरू लागले की आतील एक दांडी पंपाची तरफ हलविते. तरफेबरोबर रबरी कापडाचा एक पडदा, ज्याला कारागीर डायफ्रॅम म्हणतात, तो खाली ओढला जातो, टाकीतील पेट्रोल वर खेचले जाते आणि स्प्रिंगच्या जोराने ते कार्ब्युरेटरकडे ढकलले जाते. दाब फारसा नसतो. चौरस इंचाला तीन-चार पौंडांच्या आसपास. कार्ब्युरेटरला तेवढाच सोसतो.

या रचनेचे दोन दोष प्रथमपासूनच आहेत. पंप गरम इंजिनाला चिकटलेला असल्यामुळे उन्हाळ्यात, घाटात, हळू चालीत तो तापतो, आतील पेट्रोलची वाफ होते आणि वाफ काही पंपाला ढकलता येत नाही. ओले फडके असते ते यासाठी. दुसरा दोष असा की पंप पुढे आणि टाकी मागे असल्याने सर्व पेट्रोल ओढून आणावे लागते. नळीला कोठे बारीकशी चीर गेली तर पेट्रोलऐवजी हवा ओढली जाते. मॉरिस मायनरसारख्या काही जुन्या इंग्रजी गाड्यांत विजेवर चालणारा पंप असे. त्याची टकटक ऐकून पेट्रोल पोचले की नाही हे जुन्या चालकांना कळत असे.

पडदा, झडपा, गॅस्केट व नळ्या हे सगळे त्या काळच्या पेट्रोलला अनुसरून बनविलेले होते. त्या पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळला जाईल असे ती बनविणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हते.

मद्यार्काचे गुण आणि अवगुण

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची कल्पना भारतात एका रात्रीत आलेली नाही. २००१ मध्ये तिचे पहिले प्रायोगिक प्रकल्प झाले. त्यांपैकी मिरज व मनमाड ही दोन ठिकाणे महाराष्ट्रातलीच होती. २००३ च्या आरंभी नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण लागू झाले, पण पुरवठा व भाव यांच्या घोळात ते अनेक वर्षे रेंगाळले. पुढे गती वाढली. २०२२ च्या जूनमध्ये दहा टक्क्यांची सरासरी गाठली गेली, २०३० साठी ठरविलेले वीस टक्क्यांचे उद्दिष्ट अलीकडे ओढण्यात आले आणि २०२५ मध्ये ते गाठलेही गेले. शासकीय योजनेने मुदतीच्या आत लक्ष्य गाठण्याची उदाहरणे आपल्याकडे विपुल नाहीत. त्या दृष्टीने हे यश दुर्लक्षिण्याजोगे नाही.

इथेनॉलचे गुणही मान्य केले पाहिजेत. ते देशात तयार होते, आयात तेलाचा काही भार हलका करते आणि साखर कारखान्यांच्या हाती रोख पैसा आणून देते. त्याचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा बराच वरचा असल्याने त्यासाठी मुद्दाम बनविलेल्या इंजिनाला त्याचा लाभ होतो. परंतु जुन्या, कमी दाबाच्या इंजिनाला या उंच ऑक्टेनचा उपयोग काय? पायी चालणाऱ्याला विमानाचे तिकीट दिल्यासारखेच ते.

अवगुण मात्र जुन्या गाडीला पुरेपूर भोगावे लागतात. पहिला अवगुण असा की इथेनॉल उत्तम द्रावक आहे. टाकीच्या तळाशी तीस-चाळीस वर्षे बसलेला चिकट थर ते सोडविते आणि तो थर गाळणीत, पंपाच्या झडपांत व कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो. दुसरा, जुन्या प्रकारचे रबर व बुचाची गॅस्केटे त्याच्या संगतीत फुगतात, मऊ होतात व फाटतात. यांत्रिक पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल थेट इंजिनाच्या तेलात उतरू शकते आणि नळी फुटली तर ते तापलेल्या इंजिनावर ठिबकते. हा केवळ खर्चाचा प्रश्न नव्हे, आगीचा आहे. तिसरा अवगुण म्हणजे इथेनॉलमध्ये प्राणवायूचा अंश असल्याने त्याच प्रमाणात हवा घेणाऱ्या जुन्या कार्ब्युरेटरचे मिश्रण पातळ पडते. नव्या गाडीतील संवेदक आपोआप पेट्रोल वाढवितात. जुन्या कार्ब्युरेटरला मात्र पितळेचे जेट बदलूनच सांगावे लागते.

चौथा अवगुण किनाऱ्यावर विशेष जाणवतो. इथेनॉल पाणी ओढून घेते. हरिहरेश्वरच्या परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीचिंब असते. कोकणातल्या घराच्या पडवीत ज्येष्ठापासून गणपतीपर्यंत अर्ध्या टाकीनिशी उभी असलेली गाडी दिवसा तापते, रात्री निवते आणि टाकीच्या झाकणातून ही ओली हवा आत घेत राहते. थोडे पाणी इथेनॉल आपल्यात सामावून घेते, आणि वीस टक्क्यांचे मिश्रण दहा टक्क्यांपेक्षा जास्त पाणी सामावू शकते हेही खरे. परंतु ती मर्यादा ओलांडली की पाणी व मद्यार्क मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड म्हणून तळाशी बसतात. नळीचे तोंडही तळाशीच असते. गणपतीत गाडी सुरू करावयास जावे तर इंजिनाला प्रथम मिळतो तो हा पाणचट घोट. गंजही तेथूनच, तळापासून, वर चढतो. प्रदक्षिणेच्या वाटेवर समुद्राने खडकाला कशी जाळी पाडली आहे हे यात्रेकरू कौतुकाने पाहतात. टाकीतली जाळी मात्र पेट्रोल ठिबकू लागेपर्यंत कोणाला दिसत नाही.

दुरुस्तीचे मार्ग

यावर उपाय नाही असे मात्र नाही. उलट, उपाय साधा आहे आणि म्हणूनच त्याची उपेक्षा अधिक खटकते.

पहिल्या पायरीवर पंप तोच ठेवून त्यातील पडदा, झडपा व गॅस्केटे इथेनॉल सोसणाऱ्या नव्या रबराची बसवावयाची, सर्व नळ्या बदलावयाच्या आणि टाकीनंतर एक पारदर्शक गाळणी घालावयाची. रोज थोडी चालणाऱ्या गाडीला एवढे बहुधा पुरते. दुसऱ्या पायरीवर कमी दाबाचा विजेचा पंप टाकीजवळ, खालच्या बाजूस बसविला जातो. तो पेट्रोल ओढत नाही तर ढकलतो, आणि तापलेल्या इंजिनापासून दूर असतो. त्यामुळे वाफ धरण्याचे संकट पुष्कळ टळते व ओल्या फडक्याला निवृत्ती मिळते. येथेच अर्धवट ज्ञान घात करते. नव्या इंजेक्शन गाडीचा पंप चौरस इंचाला चाळीस पौंडांच्या घरात दाब देतो. तो स्वस्तात मिळाला म्हणून जुन्या कार्ब्युरेटरवर जोडला तर आतली सुई तो दाब रोखू शकत नाही आणि पेट्रोल ओसंडून इंजिनावर सांडते. शिवाय विजेचा पंप इंजिन बंद पडले तरी चालूच राहतो. म्हणून इंजिन थांबताच किंवा धडक बसताच त्याचा प्रवाह तोडणारी कळ हवीच. ती कळ न बसविता पंप बसविणे म्हणजे सोय म्हणून संकट घरात आणणे होय.

तिसरी पायरी टाकीची. गंज वरवरचा असेल तर टाकी उतरवून, आतून धुऊन, गंज काढून तिला इथेनॉल सोसणारा लेप देता येतो. पत्रा जाळीदार झाला असेल तर स्टेनलेस पोलादाची किंवा ॲल्युमिनियमची नवी टाकी त्याच मापाने बनवून घेणे हा खात्रीचा मार्ग. यातील सर्वांत मोठा धोका रस्त्यावर नसून गॅरेजात असतो. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक, कारण तिच्यात वाफ कोंडलेली असते. ती नीट न धुता, वाफ न घालविता वेल्डिंगची ज्योत लावली तर टाकीचा बॉम्ब होतो. हे जाणणारे कारागीर आहेत, पण ते वयस्क होत चालले आहेत. कार्ब्युरेटर उघडून जेट बदलणारा, पंपाचा पडदा बोटांनी चाचपून त्याचे आयुष्य सांगणारा कारागीर आता मोठ्या गावातही शोधावा लागतो; हरिहरेश्वरसारख्या किनाऱ्यावरच्या गावाची तर गोष्टच नको.

साखर आणि मोटार, एकाच माणसाच्या

या साऱ्या प्रकरणात इतिहासाचा एक विलक्षण योग आहे. पद्मिनी जेथे बनली ती कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापन केली. मोटार या देशात बनावी हा त्यांचा ध्यास होता आणि परकीय सरकारची उदासीनता पत्करून त्यांनी तो तडीस नेला. याच वालचंदांनी त्याआधी एक दशक नाशिक जिल्ह्यातील रावळगावी व पुणे जिल्ह्यातील माळरानावर ऊस लावून साखरेचे कारखाने उभे केले होते. त्यांतील दुसऱ्या जागेला आज वालचंदनगर म्हणतात. ऊस आणि मोटार ही एकाच उद्योजकाच्या स्वप्नाची दोन अंगे होती. आज त्या उसापासूनच्या मद्यार्काने त्या मोटारीच्या पंपाचा पडदा विरघळावा, याला दैवाचा खेळ म्हणून सोडून देता येणार नाही. दोन्ही उद्योग महाराष्ट्राचेच असताना एकाच्या लाभाचा हिशेब मांडताना दुसऱ्याच्या हानीची नोंद कोणी ठेवली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

उसाची बाजू महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज नाही. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभारला तेव्हापासून ग्रामीण महाराष्ट्राचे अर्थकारण आणि राजकारण या पिकाभोवती फिरत आले आहे. साखरेचे साठे पडून राहिले की शेतकऱ्यांची बिले थकतात, हे दुष्टचक्र इथेनॉलने काहीसे मोडले. परंतु याच महाराष्ट्रात दुष्काळी तालुक्यांचे पाणी उसाने प्यावे काय, हा प्रश्नही जुनाच आहे. २०२३ मध्ये पाऊस हटला तेव्हा त्या वर्षीच्या डिसेंबरात केंद्र सरकारला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घालावी लागली. पुढच्या हंगामासाठी ती उठविण्यात आली. ज्या इंधनाचा पुरवठा पावसावर अवलंबून आहे, त्या एकाच इंधनावर प्रत्येक टाकी बांधून टाकणे कितपत शहाणपणाचे, हे त्या एका वर्षाने दाखवून दिले.

खर्च कोणाच्या खात्यावर?

आता हिशेबाकडे वळू. इथेनॉलच्या एका लिटरमधील उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश असते. म्हणजे वीस टक्के मिश्रणात गाडी त्याच लिटरला कमी धावणार, हे गणितानेच ठरते. नीती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातच, ज्या चारचाकी गाड्या मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनविल्या व नंतर दहा टक्क्यांसाठी जुळविल्या, त्यांच्या इंधनक्षमतेत सहा ते सात टक्के घट होईल असे म्हटले होते. समजा, एखाद्या निवृत्त शिक्षकाची गाडी लिटरला १२ किलोमीटर देते व वर्षाला ६,००० किलोमीटर चालते. पूर्वी ५०० लिटर लागत. सहा टक्के घट धरली तर ५३२ लिटर लागतील. पेट्रोलचा भाव हिशेबासाठी शंभर रुपये धरला तरी वर्षाला ३,२०० रुपये वाढले. पंप, नळ्या व टाकी यांचा खर्च निराळा.

रक्कम डोळे दिपविणारी नाही, आणि म्हणूनच ती दिसत नाही. सार्वजनिक धोरणाचा खर्च जेव्हा लाखो लोकांत थोडाथोडा वाटला जातो तेव्हा त्याविरुद्ध कोणी आवाज उठवीत नाही. लाभ मात्र थोड्या संघटित गटांना ठळकपणे मिळतो आणि ते त्याची राखण करतात. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गातही शिकविले जाणारे हे तत्त्व आहे. त्याच अहवालात असेही सुचविले होते की मिश्रित इंधनाचा भाव साध्या पेट्रोलपेक्षा कमी ठेवून ग्राहकाची भरपाई करावी आणि जुन्या वाहनांसाठी दहा टक्क्यांचे मिश्रण संरक्षक दर्जा म्हणून उपलब्ध राहावे. उद्दिष्टाचा भाग अमलात आला. भरपाईचा व संरक्षणाचा भाग कागदावर राहिला. पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये खुलासा केला तो असा की काही जुन्या वाहनांचे रबरी भाग व गॅस्केटे वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर बदलावी लागू शकतील, पण तो खर्च किरकोळ आहे. किरकोळ कोणाला? नव्या गाडीच्या मालकाला तो खर्च नाहीच. ज्याला तो आहे, त्याच्या गाडीचे सुटे भाग बनविणारा कारखानाच बंद झालेला आहे. त्याच वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला, इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. न्यायालयाचा दरवाजा मिटला, पण प्रश्न मिटला नाही. तो मुळात न्यायाचा नसून धोरणाचा आहे.

यावर असा आक्षेप येईल की जुनी गाडी हा श्रीमंतांचा शौक आहे. त्यांच्यासाठी देशाने थांबावे काय? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. काचेच्या दालनात ठेवलेल्या संस्थानी रोल्स-रॉइसचा मालक परदेशातून पंप मागवील. इथेनॉलविरहित म्हणून शौकीन मंडळी घेतात ते शंभर ऑक्टेनचे महागडे पेट्रोलही त्याला परवडेल. पण पद्मिनी ही संस्थानिकांची गाडी कधीच नव्हती. परवानाराज्यात नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या डॉक्टरांची, वकिलांची, प्राध्यापकांची आणि मुंबईच्या टॅक्सीचालकांची ती गाडी. मुंबईतील पद्मिनी टॅक्सीचा शेवट ३० ऑक्टोबर २०२३ रोजी झाला; वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्याने अखेरची नोंदलेली टॅक्सी रस्त्यावरून उतरली. घरगुती गाड्या मात्र अजून आहेत. वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून घेतलेली गाडी मुलाने मोडीत न काढणे, याला शौक म्हणावयाचे की कृतज्ञता?

कायद्यानेही या गाड्यांना अधांतरी ठेवले आहे. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील आणि सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेल्या वाहनांना ‘विंटेज’ दर्जा दिला. त्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, आणि तशा गाडीचा नित्य वापर करावयाचा नाही. त्याच वर्षी मोडीत काढण्याचे धोरणही आले. म्हणजे १९८५ ची पद्मिनी वारसा ठरण्याइतकी जुनी नाही आणि पुनर्नोंदणीचे वाढते शुल्क चुकविण्याइतकी नवी नाही. तिने एक तर पन्नास वर्षांची होईपर्यंत कसाबसा जीव धरावा, नाही तर भंगारात जावे. या मधल्या वर्षांत तिला जगविणार कोण? तर तोच पंप आणि तीच टाकी.

पूर्वानुभव काय सांगतो

इंधन बदलताना जुन्यांना सांभाळता येते, याचा दाखला बाहेर शोधावयास नको. १९९५ च्या एप्रिलमध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले. ते आवश्यकच होते. शिशाने मुलांच्या मेंदूला होणारी इजा निर्विवाद होती. तरीही शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले ते २००० च्या फेब्रुवारीत. मधली पाच वर्षे दोन्ही पेट्रोले विक्रीस होती आणि लोकांना, कारागिरांना व कारखानदारांना सवड मिळाली. विषासारखे शिसे काढताना जी सवड दिली, ती मद्यार्क घालताना देता आली नसती काय?

ब्रिटनने २०२१ च्या सप्टेंबरात दहा टक्क्यांचे मिश्रण सर्वत्र लागू केले, पण पाच टक्क्यांचे पेट्रोल वरच्या दर्जाचे म्हणून विक्रीस ठेवले आणि नळीवर तसे ठळक लेबल लावले. जास्त पैसे मोजावे लागतात हे खरे. पण निवड उरते. इथेनॉलचे माहेरघर असलेल्या ब्राझीलने १९७५ मध्ये ही वाट धरली. तेथे साध्या पेट्रोलचा आग्रह कोणी धरीत नाही; परंतु मद्यार्क आणि मिश्रित पेट्रोल हे दोन्ही विक्रीकेंद्रावर शेजारी-शेजारी मिळतात, आणि मद्यार्काचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तरच तो भरावा हे तेथील चालकाला पाठ असते. तेथे उष्णतेचा फरक भावात उतरतो. आपल्याकडे तो भावात उतरत नाही. चालकाच्या खिशातून उतरतो.

करावयाचे ते काय

इथेनॉलचे धोरण मागे घ्यावे, अशी मागणी करणे व्यवहार्य नाही आणि न्याय्यही नाही. ज्या शेतकऱ्याच्या उसाला त्यामुळे वेळेवर पैसे मिळू लागले, त्याचे हित जुन्या गाडीच्या मालकापेक्षा कमी मोलाचे नाही. मागणी आहे ती खर्च उघडपणे मोजण्याची व तो वाटून घेण्याची. पहिली गोष्ट, प्रत्येक विक्रीकेंद्रावर मिश्रणाचे प्रमाण ठळक अक्षरांत मराठीतून लिहिलेले असावे. आपण काय विकत घेतो हे कळणे हा ग्राहकाचा किमान हक्क होय. दुसरी, प्रत्येक तालुक्यात निदान एका केंद्रावर कमी मिश्रणाचे पेट्रोल, थोड्या वाढीव भावाने का होईना, काही वर्षांसाठी मिळावे. तिसरी, जुन्या गाड्यांच्या पंपाचे पडदे, नळ्या व गॅस्केटे यांसाठी इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे भारतीय मानक चिन्ह सक्तीचे करावे, म्हणजे नकली रबराने होणाऱ्या आगी टळतील. चौथी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून टाकी सुरक्षितपणे धुणे, तिला लेप देणे, कमी दाबाचा पंप नियमाने बसविणे यांचा छोटा अभ्यासक्रम चालवावा. याला लागणारा पैसा इथेनॉलमुळे वाचणाऱ्या परकीय चलनाच्या तुलनेत नगण्य आहे. आणि त्यातून गावोगावच्या तरुणांना रोजगार मिळेल तो वेगळाच.

मालकांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. पावसाळ्यापूर्वी टाकी पूर्ण भरून ठेवावी अथवा पूर्ण रिकामी करावी, अर्धी कधी ठेवू नये. वर्षातून एकदा नळ्या हाताने दाबून पाहाव्यात. पेट्रोलचा वास आला तर ‘जुनी गाडी, वास येणारच’ असे म्हणून पुढे जाऊ नये. स्वस्त पंपाच्या मोहात पडू नये. एवढे केले तर पुष्कळ अपघात टळतील.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीच्या वेळीच करता येते. भरती आली की वाट पाण्याखाली जाते, आणि गावकरी नवख्या यात्रेकरूला हे आधी सांगतात. सांगितल्यावाचून कोणाला खडकावर उतरू देत नाहीत. समुद्राला थांबविणे कोणाच्या हाती नाही, पण वेळ सांगणे माणसाच्या हाती आहे. इंधनाच्या या भरतीत जुन्या गाडीच्या मालकाला कोणी वेळ सांगितली नाही. तो अजून फडके भिजवून घाटात उभा आहे, आणि पंप का निवत नाही याचा विचार करीत आहे.